कवड्या की मण्यार?

मृगाचा पाऊस लागला की खर्डीत दोन गोष्टी हटकून घडतात. वीज जाते, आणि कोणाच्या ना कोणाच्या परसात साप निघतो. विजेची तक्रार वायरमनकडे जाते, सापाचा फोटो मात्र आमच्या मोबाइलवर येतो. आम्ही शाळेत शिकवतो भाषा, पण विज्ञानाचे तासही अधूनमधून आमच्याकडे येतात, आणि तेवढ्यावर गावाने हे खाते आमच्या नावावर चढवले आहे. फोटो बहुतेक वेळा अंधारात, थरथरत्या हाताने काढलेला असतो. त्यात बादली स्पष्ट दिसते, चप्पल स्पष्ट दिसते, साप तेवढा पुसट. खाली एकच ओळ असते, "सर, विषारी आहे का?"

एका अंगाला तानसाचे जंगल, दुसऱ्या अंगाला भातखाचरे, मधून रेल्वे आणि नाशिकचा महामार्ग. अशा गावात साप निघणे ही काही बातमी नव्हे. बिळात पाणी शिरते, उंदीर कोरड्या जागी म्हणजे आपल्या घरात येतो, आणि उंदरामागे साप. यात सापाचा आपल्याशी काही वाकडेपणा नसतो. तरीही तो प्रश्न रास्त आहे. अंगणात लहान मुले खेळतात, पहाटे अंधारात कोणी वजूसाठी मोरीवर जाते, कोणी सरपण आणायला जाते. विषारी आहे की नाही, हे कळायलाच हवे.

या फोटोंत सर्वांत जास्त घोळ घालणारी एक जोडी आहे. काळपट अंग, त्यावर आडवे पांढरे पट्टे. एक कवड्या, दुसरा मण्यार. कवड्या पूर्ण बिनविषारी. मण्यार मात्र आपल्या राज्यातल्या अतिविषारी सापांपैकी. त्याचे विष थेंबाला थेंब नागाच्या विषाहून जहाल मानले जाते. उर्दू-हिंदी पुस्तकांत मण्यारला करैत म्हणतात, कोकणात काही भागांत कांडर. नाव निघालेच आहे तर सांगतो. आपल्या समाजात बांगड्या भरणारे मणियार आहेत आणि त्या आडनावाचे एक-दोन विद्यार्थी दरवर्षी आमच्या वर्गात असतात. सापांचा धडा आला की त्यांच्याकडे बघून बाकीचे खुसुखुसु हसतात. सापाच्या अंगावरही बांगड्याच आहेत की, असे आम्ही म्हटले की मग तेही हसतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, मगरिबला थोडा वेळ होता. शेजारच्या खालांनी चुलीच्या सरपणावरचे बारदान उचलले आणि जोरात ओरडल्या. आम्ही पोचेपर्यंत परसात वीसेक माणसे जमली होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात काठ्या होत्या. लाकडांच्या फटीत हातभर लांबीचा साप. एक जण म्हणाला मण्यार, दुसरा म्हणाला कवड्या, तिसऱ्याने अजगराचे पिल्लू ठरवले. खालांचे म्हणणे सरळ होते, "नाव मागून ठेवा, आधी मारा मेल्याला." शेतावर मजुरीला येणारे एक कातकरी दादा तिथे होते. त्यांनी काठी घेतली नाही. "पोरं मागं घ्या आणि उजेड आणा," एवढेच ते म्हणाले. मोठा टॉर्च आला. त्यांनी लांबूनच वाकून पाहिले आणि बोट दाखवले, "पट्टं मानंपास्नं हायती. कवड्या हाय. पाली खायला आलाय."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. सर्पमित्र येईपर्यंत पाऊण तास गेला. त्यानेही कवड्याच सांगितला आणि बरणीत घालून नेला. पण कातकरी दादांनी कशावरून ओळखले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे.

कवड्याचे पट्टे डोक्यामागून, मानेपासूनच सुरू होतात. मानेवर तर ठळक पांढरी-पिवळसर पट्टी असते, मफलर गुंडाळल्यासारखी. पुढच्या भागात पट्टे रुंद आणि स्पष्ट, शेपटीकडे जाता जाता पुसट होत नाहीसे होतात. मण्यारचे बरोबर उलटे. डोक्यामागचा बराच भाग कोरा काळा, मग पट्टे सुरू होतात. ते बारीक असतात, पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीने येतात, आणि शेपटीच्या टोकापर्यंत ठळक राहतात. अंग निळसर काळे आणि पॉलिश केलेल्या बुटासारखे चकचकीत. कवड्या बहुधा तपकिरी, चॉकलेटी. कवड्याचे डोके चपटे आणि मानेपेक्षा रुंद, मण्यारचे डोके-मान जवळजवळ सारखेच. कवड्या भिंतीवर, कौलांच्या सांध्यात, न्हाणीघराच्या खिडकीतही दिसतो, कारण तो पालींच्या मागे असतो आणि चढण्यात पटाईत असतो. मण्यार शक्यतो जमिनीवरचा. कवड्या दीड-दोन फुटांचा, पूर्ण वाढलेला मण्यार तीन-चार फुटांचा. आणखी एक गंमत: मण्यार इतर साप खातो, त्यात कवड्याही येतो.

इतके वाचून कोणाला वाटेल, झाले, आता आपण सर्पतज्ज्ञ. म्हणून आता दुसरी बाजू. मण्यारचे पिल्लू कवड्याएवढेच असते आणि पिल्लाच्या अंगावरचे पट्टे बरेच पुढपर्यंत येतात, म्हणजे मानेचा नियम तिथे लटपटतो. म्हाताऱ्या मण्यारचे पट्टे कधी इतके फिके होतात की साप नुसता काळा दिसतो. काही कवड्ये चांगले काळे असतात. नुकती कात टाकलेला साप चकचकीत दिसतो, कात टाकायला आलेला मळकट. आणि हे सगळे टॉर्चच्या उजेडात, पावसात, वीस माणसांच्या आरडाओरडीत पाहायचे.

पक्की खूण आहे, पण ती अंगावरच्या खवल्यांत. मण्यारच्या पाठीच्या मधोमध कण्यावरून जाणारी खवल्यांची एक रांग मोठी आणि षटकोनी असते. कवड्याच्या पाठीवरचे सगळे खवले सारखेच. शेपटीखालचे खवले मण्यारचे अखंड, कवड्याचे दुभागलेले. हाफकिन संस्थेतले डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले. त्यात आणि नंतरच्या अनेक पुस्तकांत खवले मोजून साप ओळखायला शिकवले आहे. पण आमच्या मनात नेहमी येते की ही विद्या मुळात बरणीतल्या सापांवर घडली. संग्रहालयात साप हातात धरून, उलटा करून, भिंगाखाली पाहता येतो. खालांच्या परसात शेपटीखालचे खवले बघायला कोण जाणार? फार तर लांबून चांगला फोटो निघाला तर तो मोठा करून पाठीवरची रांग दिसू शकते. त्यासाठी मोबाइल घेऊन एक पाऊलही पुढे टाकायचे नाही.

स्वभावावरून ओळखू म्हणाल तर तोही फसवतो, आणि फार वाईट फसवतो. बिनविषारी कवड्याला डिवचले तर तो लगेच चावतो, पुन्हा पुन्हा चावतो. त्याचे पुढचे दात लांब असतात, रक्तही येते. मण्यार दिवसा सुस्त. डोके अंगाच्या वेटोळ्याखाली लपवून बसेल, काठीने सरकवले तरी सरकेल. बघणाऱ्याला वाटते, गरीब आहे बिचारा. हाच साप रात्री वेगळा असतो. दिवसा त्याला हातात घेऊन मिरवणारे वीर पुष्कळ गावांत आहेत, आणि त्यांतल्या काहींची नावे आता मागे उरलेली माणसेच घेतात.

बाकीच्या जोड्यांबद्दल थोडक्यात. धामणीला नाग समजून मारले जाते, ही फार जुनी रड आहे. धामण लांब आणि चपळ, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. फणा नाही, विष नाही. ती गाईचे दूध पिते, शेपटीने मारते वगैरे सगळ्या बाता. भाताच्या कणगीचे उंदीर मात्र खरोखर खाते. नाग दरवेळी फणा काढतोच असे नाही, एवढे त्यात लक्षात ठेवावे. डुरक्या घोणस आणि घोणस ही दुसरी जोडी. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, डोके त्रिकोणी, आणि चिडली की कुकरच्या शिटीसारखा मोठा फुत्कार. डुरक्या बिनविषारी, आखूड, जाडा, शेपूट बोथट. ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. अजगराच्या पिल्लाचीही यात भर पडते. पिल्लू म्हणून घोणस उचलून पिशवीत घालणारे लोक आहेत. फुरसे लहान असते, वीतभर-हातभर. ते वेटोळ्यांवर वेटोळे घासून करवतीसारखा आवाज करते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, या चौघांवर आपल्या देशातली सापाच्या विषाची लस बेतलेली आहे.

तर सापाची ओळख कशासाठी, याचा हिशेब आधी करू. साप परसात आहे आणि कोणाला चावलेला नाही, तेव्हा ओळख उपयोगाची. बिनविषारी असेल तर त्याला वाट द्यावी, तो निघून जातो. विषारी असेल किंवा कळत नसेल तर मुलांना आत घ्यावे, एकाने लांबून नजर ठेवावी आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणे गुन्हा आहे, पण कायदा सोडा, माणसाला साप चावण्याचे प्रसंग पुष्कळदा तो मारायला किंवा पकडायला जातानाच ओढवतात. आणि सापाशी खेळ करून चित्रफिती काढणाऱ्याला सर्पमित्र समजू नये. मित्र तो, जो मुकाट येतो, साप बरणीत घालतो आणि निघून जातो.

साप चावल्यानंतर मात्र ओळखीचा काही उपयोग उरत नाही. आमच्या लेखाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. घर गावाबाहेर, शेताला लागून. ऑगस्टमधली रात्र. जमिनीवर गोधड्या टाकून भावंडे ओळीने झोपलेली. फजरच्या आधी तो उठला आणि पोट दुखते म्हणाला. आदल्या दिवशी नात्यात वलीमा होता. आईला वाटले, जेवण बाधले. ओवा दिला, गरम पाणी दिले. तो पुन्हा झोपला. उजाडल्यावर त्याला उठवले तर डोळे नीट उघडेनात. झोप पुरी झाली नसेल असे वाटले. मग बोलायला लागला तर शब्द जड, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखे. तेव्हा घर घाबरले. आजीने म्हटले नजर लागली, आणि बापाने त्याला खांद्यावर टाकून मशिदीत इमामसाहेबांकडे आणले, दम करून घ्यायला.

इमामसाहेबांनी मुलाची हनुवटी उचलून पाहिली. पापण्या खालीच. "दुआ मी गाडीत करतो," ते म्हणाले, "तुम्ही आधी गाडी बघा." आणि खरोखर तेही जीपमध्ये बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक विचित्र प्रश्न विचारला, असे त्याची आई आम्हांला सांगते. साप कुठे आहे, असे ते म्हणाले नाहीत. सापाचे नाव तर घरात कोणी काढलेच नव्हते. त्यांनी विचारले, "रात्री हा कुठे झोपला होता?" जमिनीवर, एवढे कळताच त्यांनी लस सुरू केली, आणि ठाण्याकडच्या मोठ्या रुग्णालयात पाठवताना वाटभर फुग्याने हाताने श्वास देत नेले. तिथे चार दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. अंगावर दाताची खूण शेवटपर्यंत कोणाला सापडली नाही. साप कोणी पाहिला नाही, नंतरही सापडला नाही. बरा होऊन शाळेत आल्यावर त्याने सांगितलेली एक गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. "सगळं ऐकू येत होतं, सर. अम्मी रडत होती तेही. डोळेच उघडत नव्हते."

मण्यारचा दंश असाच असतो. दुखत नाही, सुजत नाही, कधी डास चावल्याएवढीही खूण राहत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. मग काही तासांनी पोटदुखी, मळमळ. मग पापण्या जड होऊन खाली येणे, एकाची दोन माणसे दिसणे, थुंकी न गिळता येणे, मान न धरता येणे, शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास थांबणे. माणूस मेल्यासारखा दिसतो, पण आतून जागा असू शकतो. अशा अवस्थेतही यंत्राने किंवा फुग्याने श्वास चालू ठेवला तर माणूस परत येतो. विषाने मज्जातंतूंची टोके निकामी केली की मग लस ती दुरुस्त करू शकत नाही, ती हळूहळू शरीरच दुरुस्त करते. म्हणून लस लवकर मिळण्याला एवढे महत्त्व आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे विनाकारण पोटदुखी झाली आणि पापण्या जड वाटल्या, तर जेवणाला, नजरेला किंवा झोपेला दोष न देता थेट रुग्णालय गाठायचे. घरात एवढे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ आहे.

डॉक्टर सापापेक्षा शरीर वाचतात. पापण्या, गिळणे, श्वास यांवरून नाग-मण्यारचा अंदाज येतो. घोणस-फुरशाचे विष रक्तावर काम करते. सूज चढते, हिरड्यांतून, जखमेतून रक्त येत राहते. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर विष चढले आहे. कुठल्याही छोट्या दवाखान्यात करता येते, वीज नसली तरी. आणि साप चौघांपैकी कोणताही असो, लस एकच. मग मेलेला साप पिशवीत घालून आणायची गरज काय? तो शोधण्यात, मारण्यात अर्धा तास जातो, आणखी एखाद्याला दंश होतो. मेलेल्या सापाचे, तुटलेल्या डोक्याचेही तोंड काही वेळ आपोआप मिटू शकते आणि दात लागू शकतात. चालता चालता लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर नाही.

"दोन दात उमटले तर विषारी, ओळ उमटली तर बिनविषारी" हे आपण सगळे लहानपणी शिकलो. ते मनातून काढून टाकायला हवे. आमच्या मुलाच्या अंगावर तर काहीच उमटले नव्हते. आणि "कवड्या होता, मी पाहिला" असे कोणी छातीठोकपणे सांगितले तरी त्या एका साक्षीवर कोणाला घरी ठेवू नये. कवड्याच असेल तर काही तास दवाखान्यात देखरेखीखाली बसून घरी येता येते.

वाटेत काय करायचे? धीर द्यायचा. माणसाला चालवायचे नाही. हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा दंशाचा अवयव लाकडाच्या पट्टीला हलका बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढायचे, कारण सूज आली की ते रुततात. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेडने चिरायचे नाही, तोंडाने ओढायचे नाही, बर्फ नाही, मिरची चाखवून परीक्षा नाही. १०८ ला फोन करायचा. गाडी लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघायचे. खर्डीला ग्रामीण रुग्णालय आहे, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय, मुरबाड तालुक्यात मुरबाड आणि तोकावडे. डोळखांबकडच्या पाड्यांवरून पावसात निघायचे म्हणजे काय, ते तिकडच्यांनाच ठाऊक. उर्दू शिकलेल्यांना इराकहून येणाऱ्या तिर्याकची जुनी म्हण आठवेल: उतारा येईपर्यंत दंश झालेला उरत नाही, असा तिचा भाव. आपला इराक वीस-बावीस किलोमीटरवर आहे, पण रात्री दोन वाजता तोही लांब पडतो. म्हणून पावसाळ्याआधीच गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत.

आता भगत आणि दम यांविषयी. पाड्यावरचा माणूस भगताकडे जातो, आपल्यातला दम करायला जातो; वेळ दोघांचाही सारखाच जातो. भगताचा उतारा लागू पडतो, असे लोक सांगतात ते खोटे बोलत नाहीत. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष टोचतोच असे नाही. अशी माणसे मंत्राविनाही बरी झाली असती. ज्याच्या अंगात विष गेले, त्याच्यावर मंत्राची खरी परीक्षा होते, आणि तिथे तो हरतो. दुआ करू नये असे कोण म्हणेल? आजारावर औषध घ्या, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची स्पष्ट शिकवण आहे. इब्न सीनांसारख्या हकिमांनी आपल्या ग्रंथांत विषारी दंशांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. जीपमध्ये बसून दुआ करणारे इमामसाहेब त्याच परंपरेतले, असे आम्हांला वाटते.

लशीविषयी थोडे. फ्रेंच शास्त्रज्ञ अल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाच्या विषावर पहिली लस तयार केली. पद्धत आजही मुळात तीच आहे. घोड्याला थोडे थोडे विष टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिकारक तयार होतात, ते वेगळे काढायचे. परळच्या हाफकिनचे नाव आमच्या वडीलधाऱ्यांना सापाच्या लशीमुळेच ठाऊक होते. आज देशातल्या लशीसाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. चेन्नईजवळची ही संस्था १९७८ सालची. साप पकडून मारण्याचा आणि कातडी विकण्याचा त्यांचा जुना धंदा बंद झाला, आणि तीच विद्या माणसे वाचवायला लागली. आमच्या कातकरी दादांच्या विद्येला मात्र इथे रोजंदारीपलीकडे भाव नाही.

आणखी एक, खास आयांसाठी. लहान मुलालाही लशीचा डोस मोठ्या माणसाएवढाच लागतो, पुष्कळदा सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या. मूल लहान म्हणून साप कमी विष सोडत नाही. डॉक्टरांनी एवढ्या बाटल्या लावल्या म्हणून घाबरून हुज्जत घालू नये. लशीची काहींना रिअ‍ॅक्शन येते. ती सांभाळायची तयारी रुग्णालयात असते, म्हणूनच ती घरी किंवा गल्लीतल्या इंजेक्शनवाल्याकडे घ्यायची नसते.

आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली एका मोठ्या अभ्यासातून पुढे आला. यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि पुष्कळशी घरीच गेलेली, म्हणून सरकारी नोंदीत न आलेली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे त्यात ठरले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. आपल्या बाजूने यात एवढेच करता येते की दंश झालेला माणूस दवाखान्यापर्यंत न्यायचा आणि कागद करून घ्यायचे. शेतकरी कुटुंबातला माणूस सर्पदंशाने गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात, त्यालाही वैद्यकीय कागद लागतो. दफनाच्या घाईत हा कागद राहून जातो, असे आम्ही पाहिले आहे.

घरातली तयारी अवघड नाही. सरपण, विटा, जुनी कौले भिंतीला लावून ठेवू नयेत. फूटभर उंच मांडणीवर, घरापासून दूर ठेवावीत. कोंबड्यांचा खुराडा झोपायच्या खोलीला लागून नको. धान्य बंद पिंपात, म्हणजे उंदीर कमी. दाराखालच्या फटीला लाकडी पट्टी. गंधक, फिनेल, लसूण यांवर पैसे घालवू नयेत, सापाला त्याचे काही नाही. मोरीवर जाताना हातात टॉर्च आणि पायात चप्पल. सहरीला उठणाऱ्या बायकांनी तर हमखास. मशिदीबाहेर काढलेली चप्पलही पावसाळ्यात झटकूनच घालावी.

झोपणे शक्य तर खाटेवर. ती नसेल तर मच्छरदाणी लावून तिची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचावी. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारलाही आत येऊ देत नाही. आणि अंथरूण झटकूनच त्यावर पडावे. आपल्यामागे अंथरुणावर काय येऊन बसले हे माणसाला ठाऊक नसते, म्हणून झोपण्याआधी ते झटकावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आमच्या घरी दादी ते रोज करायच्या आणि आम्हां पोरांना तो म्हातारपणीचा चाळा वाटायचा. वर्गात हे सांगितले तेव्हा तो मुलगा, आता आठवीत आहे, मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, आमच्या घरी दोनदा झटकतात."

विंचवाविषयी काही वाचकांनी विचारले आहे. तो विषय मोठा आहे. महाडसारख्या गावात बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर जे काम केले, त्याची दखल जगाने घेतली आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याविषयी पुढच्या अंकात.